आगोट

२४ मे, रात्री

आज दूध उतू गेलं. तेवढंच, पण दिवसभर मनातून जात नाहीये.

सकाळी खळ्यात आमसुलांना आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारट रसाचं, तिसरं पूट देत होते. हात कोपरापर्यंत लाल. त्यात गॅसवाल्याचा फोन, तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. करपल्याचा वास आला तेव्हा आत धावले. हे ओटीवरून म्हणाले, "तुम्हां बायकांना एका वेळी चार कामं जमतात ना, मग आज काय झालं?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटतं, आणि तेच लागलं मला.

नाही जमत. कोणालाच नाही. जर्मनीत आखेनला २०१९ साली संशोधकांनी ४८ बायका आणि ४८ पुरुषांना अक्षरं-आकड्यांची कामं कधी एकदम, कधी आलटून-पालटून करायला दिली. वेग दोघांचाही मंदावला, चुका दोघांच्याही वाढल्या. बायका सरस ठरल्या नाहीत.

त्याच वर्षीच्या आपल्या भारत सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. ही झाली हातांची मिनिटं. डोक्यातली कुठे मोजली जातात? आता आगोटीचंच, पावसाआधीच्या तयारीचंच बघा. एक जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी सुके बांगडे, सुकट घ्यायची. लाकडं माळ्यावर चढवायची. पडवीला माडाची झापं. सासूबाईंच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, कारण वहाळाला पाणी आलं की एसटी येत नाही. धाकट्याचा रेनकोट आखूड झालाय. ही यादी कुठे लिहिलेली नाही, माझ्या डोक्यात आहे. "सांगितलं असतंस तर आणलं असतं," हे म्हणतात. आणतातही, नाही कधी म्हणत नाहीत. पण सांगायच्या आधी आठवावं लागतं, आणि दमायला होतं ते त्यानेच. "बायकांना जमतं" म्हटलं, की आठवणं कायमचं आमच्याकडे.

संध्याकाळी मी हे सगळं त्यांच्याशी बोलले, न चिडता. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमसुलं माझ्याकडे दे." मदत नको, अख्खी घ्या म्हटलं. आमच्याकडे पाच पुटं देतात, आभाळ आलं तर सुपं आत घ्यायची, एवढं एकदाच सांगितलं.

आत्ता वारा सुटलाय, माडांचा आवाज वाढलाय. सुपं खळ्यातच आहेत. मी उठत नाहीये, पण कान तिकडेच आहेत.