भाच्याच्या बोटीसाठी टॅब घेताना

मे महिन्याच्या मध्याला भाच्याचा हर्णैहून फोन आला. "मामा, बोटीवरचा जीपीएस गेला. नवीन घ्यायचा तर पंचवीस-तीस हजारांच्या पुढे सांगतात. एखादा टॅब घेतला तर भागेल का? आणि रात्री पोरांना काहीतरी बघायलाही होईल."

ताईचं सासर हर्णैचं. दाजींची सहा सिलिंडरची बोट आहे, तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, ते स्वतःच. एकदा बर्फ भरून निघाले की चार-पाच दिवस पाण्यावर. मी नाशिकला सिडकोत राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. समुद्राशी माझा संबंध सुट्टीपुरता. तरी ताईच्या घरी विजेवर चालणारं काहीही घ्यायचं झालं की विचारणा माझ्याकडेच होते. या वेळी मात्र जरा दडपण आलं. घरचा मिक्सर चुकला तर बदलता येतो. इथे सहा माणसं त्या पडद्याकडे बघून रात्री खडप, म्हणजे पाण्याखालचे खडक, चुकवणार होती.

म्हणून आधी दाजींशी बोललो. ते म्हणाले, "होकायंत्र आहे, व्हीएचएफ म्हणजे बोलायचा वायरलेस आहे, सरकारने दिलेला ट्रान्सपॉन्डर आहे. टॅब चौथा. पण माझ्या वहीतल्या जागा त्यात दिसल्या पाहिजेत." हा ट्रान्सपॉन्डर म्हणजे ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला ज्या योजनेची सुरुवात झाली, त्यातला. देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर बसवायची ती योजना आहे. मोबाइलची रेंज नसेल तिथूनही तो उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवतो. ते काम टॅब करू शकत नाही, हे भाच्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. टॅबने फक्त आपण कुठे आहोत ते दाखवायचं.

बजेट ठरलं पंधरा हजार, फार तर सोळा.

एम. जी. रोडवर दोन शनिवार घालवले. पहिल्या दुकानात मी "जीपीएस आहे का?" विचारलं, तर मुलाने गुगल मॅप उघडून आमची जागा दाखवली. "बघा, आहे ना!" पण टॅब दुकानाच्या वाय-फायला जोडलेला होता, आणि आजूबाजूच्या वाय-फायवरूनही जागेचा अंदाज येतो. समुद्रात कुठलं वाय-फाय! जीपीएसला इंटरनेट लागत नाही हे खरं, पण त्याची चिप मुळात आत असावी लागते, आणि स्वस्त टॅबमध्ये ती असेलच असं नाही. आयपॅडच्या फक्त वाय-फायवाल्या मॉडेलमध्येही ती नसते, सिमवाल्या मॉडेलमध्ये असते. अँड्रॉइडमध्ये असा एकच नियम नाही, मॉडेलगणिक बघावं लागतं.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. उपग्रह दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप टाकायचं, टॅब एअरप्लेन मोडवर ठेवायचा, लोकेशन चालू करायचं आणि दुकानाच्या दाराबाहेर उघड्या आकाशाखाली उभं राहायचं. चिप असेल तर थोड्या वेळात उपग्रहांची यादी भरू लागते: अमेरिकेचा जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बैदू. भारताची स्वतःची 'नाविक' यंत्रणा दिसते का तेही मी बघत होतो, पण आम्ही घेतलेल्या टॅबमध्ये ती दिसली नाही. इंटरनेटची मदत नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहितीच अर्ध्या मिनिटाच्या हप्त्याने येते. त्यामुळे पाच मिनिटं तरी धीर धरावा. एका दुकानात मी दहा मिनिटं उभा राहिलो. यादी कोरीच राहिली. तो टॅब दिसायला सगळ्यात देखणा होता आणि खोक्यावर 'लोकेशन' असं छापलेलंही होतं.

दुसरी चाळणी उन्हाची. दुकानात सगळेच पडदे झळझळीत दिसतात. मी प्रत्येक टॅब भर दुपारी फुटपाथवर नेऊन बघितला. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. चारशेच्या आसपास असेल तर सावलीत चालतं, थेट उन्हात आरशासारखं आपलंच तोंड दिसतं. सहाशेच्या पुढचे आमच्या बजेटबाहेर होते. भाच्याला फोन करून विचारलं, टॅब कुठे लावणार? केबिनमध्ये, सुकाणूच्या बाजूला. मग चारशेवर तडजोड केली. केबिनमध्ये ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. टॅब उन्हात तापला की स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंदच पडतो. दर्यावर जाणाऱ्या बऱ्याच जणांचा गॉगल पोलराइज्ड असतो. तो घालून बघितलं तर एका ठरावीक कोनात पडदा पार काळा होतो. माझा गॉगल तसाच असल्यामुळे हे मला कळलं. दोन मॉडेलमध्ये टॅब आडवा धरल्यावर काळा होत होता, उभा धरल्यावर ठीक. केबिनमध्ये तो आडवाच लागणार असल्याने ती दोन्ही बाद केली.

शेवटी साडेपंधरा हजारांत साधारण नऊ इंची सिमवाला टॅब घेतला. वाय-फायवाला तीन हजारांनी स्वस्त होता. पण सिम असलं की किनाऱ्याजवळ असेपर्यंत हवामान बघता येतं, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याची जी माहिती येते तीही निघण्याआधी उतरवून घेता येते. मेमरी कार्डाची जागा हवीच होती. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

हर्णैला पाठवण्याआधी मला तो स्वतः वापरून बघायचा होता. नाशिकजवळचं मोठं पाणी म्हणजे गंगापूर धरण. एका रविवारी सकाळी दाजींशी फोनवर बोलत बोलतच बॅकवॉटरच्या कडेला गेलो. मे संपत आलेला, धरण बरंच खाली गेलेलं. नकाशे आधीच उतरवून ठेवले होते आणि टॅब एअरप्लेन मोडवर होता. मी भेगा पडलेल्या गाळावरून पाण्याच्या दिशेने चालत गेलो. पायाखाली कोरडी माती, बाजूला गुरं चरत होती, आणि टॅबवर माझा निळा ठिपका भर पाण्यात, काठापासून चांगला आत. ठिपका चुकलेला नव्हता. उघड्या आकाशाखाली जीपीएस पाच-दहा मीटरच्या आत जागा देतो. चुकलेला होता तो नकाशातला काठ, कारण तो धरण भरलेलं असतानाचा काढलेला.

त्या गाळावर उभा राहूनच भाच्याला व्हिडिओ कॉल केला. "बघ, मी कुठे उभा आहे आणि नकाशा काय म्हणतोय." तो लगेच म्हणाला, "मामा, आमच्या खाडीच्या तोंडाशी असंच होतं. पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा सरकतो. नकाशात तो जुन्याच जागी." पोराला हे आधीच ठाऊक होतं, त्याचं मला फार बरं वाटलं.

समुद्राच्या नकाशाबद्दल एवढंच सांगतो. रस्त्याच्या नकाशात समुद्र नुसता निळा असतो, खोली नसते. खोलीसाठी सागरी तक्ते लागतात. आपल्याकडे ते देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय बनवतं. त्यांवर आधारलेले किंवा इतर सागरी तक्ते दाखवणारी अ‍ॅप वर्षाच्या वर्गणीवर मिळतात. आम्ही तसं एक घेतलं. बोटांनी पडदा कितीही मोठा केला तरी मुळात मोजलेली नाही ती खोली त्यात येत नाही, हे बोटीवरच्या प्रत्येकाला समजावून सांगावं.

आता दाजींच्या वहीची गोष्ट. सगळ्यात जास्त वेळ तिनेच घेतला. जूनमध्ये मासेमारीवरची पावसाळी बंदी सुरू झाली, बोट वर ओढली, तेव्हा मी चार दिवस रजा काढून हर्णैला गेलो. वहीत ६२ जागा होत्या. कुठे खडप, कुठे जाळं अडकवणारं बुडालेलं लाकूड, कुठे चांगला मासा मिळालेला. खोली वावात, म्हणजे कोळ्यांच्या खोली मोजायच्या मापात, लिहिलेली. आणि जागांचे अक्षांश-रेखांश असे लिहिलेले: '१७ ४८ ३०'.

हे वाचायचं कसं? १७ अंश, ४८ मिनिटं, ३० सेकंद? की १७ अंश, ४८.३० मिनिटं? दोन्ही दिसायला सारखंच. पण ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, म्हणजे ४८.५० मिनिटं. दोन अर्थांत ०.२० मिनिटाचा फरक पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे खडप ३७० मीटर इकडे की तिकडे, हे एका टिंबावर ठरणार. अ‍ॅपमध्ये तर तिसरीच पद्धत निवडलेली होती, सगळं अंशांतच दशांशाने लिहायचं.

मी आणि भाचा ओसरीवर वही घेऊन बसलो. ताई चहा देऊन जात होती आणि दर वेळी विचारत होती, "झालं का रे?" दुपारी भाच्यालाच किल्ली सापडली. एका नोंदीत शेवटचा आकडा ८२ होता, दुसरीत ९१. सेकंद साठच्या वर जात नाहीत. म्हणजे हे दशांशच. काळ्या शाईतल्या ५१ नोंदींत असे आकडे जागोजाग होते, आणि दाजींच्या बंद पडलेल्या यंत्राची सेटिंगही दशांश मिनिटांचीच होती असं त्यांनी सांगितलं. त्या सगळ्या निश्चिंतपणे भरल्या. मी वाचायचं, भाच्याने भरायचं, मग त्याने वाचायचं, मी वहीशी पडताळायचं.

उरल्या निळ्या शाईतल्या ११. त्या दाजींच्या वडिलांच्या हातच्या, त्यांच्या पहिल्या जीपीएसवरून लिहिलेल्या. त्यांत एकही आकडा ५९च्या वर नव्हता. त्यात आणखी एक अडचण. २ मे २००० पर्यंत अमेरिकन लष्कर सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, शंभर मीटरपर्यंत. वडिलांनी नोंदी कधी केल्या ते दाजींना आठवेना. म्हणून प्रत्येक जागेच्या दोन खुणा टाकल्या, दोन्ही लाल रंगात, भोवती मोठं वर्तुळ काढून. खात्री होईपर्यंत त्या वर्तुळात जाळं टाकायचं नाही, असं दाजींनीच ठरवलं.

बोटीवर बसवण्याचं काम माझ्या हातातलं होतं. इंजिनची बॅटरी २४ व्होल्टची, म्हणून १२ ते २४ व्होल्ट चालणारा चार्जर घेतला. साधा एक अँपिअरचा चार्जर पाचच वॅट देतो. पूर्ण उजेडात नकाशा चालू ठेवून मी घरी बघितलं होतं, चार्जरला लावूनही टॅबची बॅटरी उतरतच होती. दुपटीच्या वरचा घेतला तेव्हा चढू लागली. लाइनला वेगळा फ्यूज टाकला. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं की आतली पिन गंजते, त्यामुळे वायर कायम लावलेलीच ठेवायची आणि ओल्या हाताने काढायची नाही, असं ठरलं.

एक चूक माझ्याकडून झाली होती, ती दाजींच्या नजरेला आली. टॅबबरोबर मी झाकणाचं कव्हर घेतलं होतं, चुंबकाने बंद होणारं. टॅब जागेवर लावून मी मागे सरकलो, तर दाजी होकायंत्राकडे बघत उभे. "हे हललं," ते म्हणाले. कव्हर बाजूला केलं की सुई मूळ जागी, जवळ आणलं की पुन्हा सरकते. कव्हर तिथेच काढून टाकलं. टॅबच्या स्पीकरमध्येही चुंबक असतोच, म्हणून टॅब केबिनच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि सुई हलत नाही हे इंजिन चालू ठेवून पुन्हा बघितलं.

करमणुकीचं ठरवताना घरात बरीच चर्चा झाली. पोरांना मोठा पडदा हवा होता. दाजींचं म्हणणं, वाट दाखवणाऱ्या यंत्रावर सिनेमा नको. मला दाजींचं पटलं, पण पाच दिवस घरापासून लांब राहणाऱ्या पोरांचंही पटलं. तोडगा असा निघाला: नांगर टाकलेला असताना, जेवणानंतर दोन तास टॅब पोरांचा. बोट चालू असताना फक्त नकाशा. गाण्यांसाठी माझा जुना फोन दिला. वर्गणीच्या अ‍ॅपमधून उतरवलेले कार्यक्रम काही दिवसांनी किंवा एकदा सुरू केल्यावर ठरावीक तासांनी बंद होतात, आणि पुन्हा चालू करायला इंटरनेट लागतं. म्हणून भजनं आणि घरच्या लग्नाचे व्हिडिओ कार्डावर स्वतंत्र भरून दिले. रात्री पडदा एकदम मंद आणि लालसर करायची सवय लावायला सांगितली. उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना अंधारात नीट दिसायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात समोरून दिवा न लावलेली होडी येऊ शकते.

बंदी उठल्यावर बोट निघाली. पहिल्या खेपेहून परत आल्यावर भाच्याने टॅबवरची वाट मला पाठवली: सुवर्णदुर्गाच्या बाजूने बाहेर, मग पश्चिमेला, मग जाळी ओढल्याच्या आडव्यातिडव्या रेघा, आणि परत. ताईने ती वाट तिच्या फोनवर ठेवून घेतली आहे.

निळ्या शाईच्या अकरांपैकी सात जागा आतापर्यंत फिश फाइंडरने, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राने, तपासून झाल्या. सातही सेकंदांत लिहिलेल्या निघाल्या. वडिलांचं यंत्र वेगळ्या सेटिंगचं होतं. उरलेल्या चारांची लाल वर्तुळं अजून तशीच आहेत, आणि दिवाळीत मी जाईन तेव्हा त्यांतल्या जवळच्या दोन बघायला दाजी मला बरोबर नेणार आहेत.