वज्री, अडकित्ते आणि मावशीचा हिशोब

टाच घासायच्या वस्तूवर कोणी मोर कशाला काढेल? आपल्या बाथरूममध्ये तो प्लास्टिकचा ब्रश पडलेला असतो त्याचा रंग कुठला ते विचारलं तर मला आत्ता सांगता येणार नाही. आणि इथे पुण्यात बाजीराव रोडजवळच्या केळकर म्युझियममध्ये काचेमागे पितळी वज्र्यांची रांगच्या रांग, कुठे मोर, कुठे हत्ती, खालची बाजू खरखरीत पण वरची धरायची बाजू अशी की देव्हाऱ्यात ठेवली तरी कोणाला शंका येऊ नये. काही वज्र्या पोकळ असतात आणि त्यांच्या पोटात बारीक खडे घातलेले असतात, घासताना खुळखुळ वाजतात. पाय धुताना बॅकग्राउंड म्युझिक, बोला!

पुढे अडकित्ते. सुपारी फोडायची म्हणजे दोन पाती आणि एक खिळा, काम झालं, पण नाही, एक पातं म्हणजे बाई आणि दुसरं बुवा, मिटला की दोघं एकमेकांच्या जवळ. काही तर इतके चावट आहेत की शेजारी शाळेची सहल उभी असली तर सरळ दिव्यांकडे वळावं. बरं हे राजवाड्यात भिंतीवर टांगायला केलेलं नाही, पानाच्या तबकात पडून राहायचं, चुना लागायचा, पाहुणे हाताळायचे.

मस्तानी महालापाशी नेहमीसारखी गर्दी होती. कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून इथे पुन्हा उभा केलाय. सगळ्यांना तिथेच फोटो हवा असतो, घ्या बापडे. मला त्या झुंबरांपेक्षा शाईच्या दौती, फण्या, सोऱ्या आणि कुलपंच जास्त बघावीशी वाटतात. पितळेची फणी असते ना, तिच्या पोटात तेल भरायचं आणि विंचरता विंचरता ते दातांतून केसांत उतरायचं, ही आयडिया आज कोणी काढली तर लगेच स्टार्टअप निघेल.

हे सगळं जमवलं एका माणसाने, दिनकर गंगाधर केळकर, जन्म 1896 चा, घरचं चष्म्यांचं दुकान आणि स्वतः कवी, 'अज्ञातवासी' नावाने लिहायचे. आता चष्मेवाल्याने इतरांना न दिसणाऱ्या वस्तू बघाव्यात यावर कोटी करायचा मोह होतोय, पण सोडून देते. साधारण 1920 च्या सुमारास नाद लागला आणि मग जुने वाडे, बाजार, खेडी, जिथे मिळेल तिथून दिवे, दरवाजे, वाद्यं, चित्रं, खेळणी आणत राहिले. मुलगा राजा लहानपणीच गेला, म्युझियमला त्याचंच नाव दिलं. 1990 साली स्वतः गेले तोवर 20,000 च्या आसपास वस्तू झाल्या होत्या, आणि मांडलेल्या त्यातल्या जेमतेम 2,500. म्हणजे आपण तीन मजले चढून कंबर धरून बाहेर येतो तेव्हा जे बघितलं ते आठव्या हिश्शाएवढं, बाकीचे अडकित्ते आत कुठेतरी मिटून बसलेत.

आणि हो, करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. असणार कसं, तांबट कुठे पितळी वज्रीवर सही करायचा. जमवणारा टोपणनावाने लिहिणारा आणि घडवणारे बिननावाचे, असा सगळा मामला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. याला आपण रोजच्या वापरातल्या वस्तू म्हणतो, पण रोजच्या कोणाच्या? मोराची वज्री वाड्यातल्या टाचेसाठी. शेतावरून आलेल्या बाईने विटेच्या तुकड्याने घासली असेल, नाहीतर नदीच्या दगडावर, आणि तो तुकडा जपून ठेवायला कोणी केळकर मिळणार नव्हते. तिचं लाकडी कायकाय झिजलं की चुलीत गेलं. काचेमागे उरतं ते ज्यांना एक मोडलं तर दुसरं घेता येत होतं त्यांचंच, असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा.

माझ्याबरोबर मावशी होती. ती भांड्यांपाशी खिळली. हंडा, घंगाळ, तपेली, सगळ्यांशी जुनी ओळख. मी म्हटलं, मावशी, आपल्याकडे होतं ना गं असलं घंगाळ? तर शांतपणे म्हणाली, होतं की, मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे घेतले, सहा डबे आले आणि वर एक पातेलं. मी जरा हळहळले, किती सुंदर होतं, निदान एक तरी ठेवायचंस वगैरे. त्यावर ती काचेत बघतच म्हणाली, "सुंदर होतं गं, पण चिंच लावून घासत मी बसायचे, कल्हईवाल्याच्या मागे मी धावायचे, आणि जावांमध्ये ते कोणी उचलायचं यावरून भांडणं. इथे बरंय, इथे घासायला माणसं ठेवलीत." मग पुढच्या कपाटाकडे जाताना पुन्हा वळून म्हणाली, "ते डबे अजून आहेत हं. डाळी त्यातच असतात."