तुम्ही विचारलंत म्हणून: बावीसची सतरा का नाही करत?

"सर, तुम्ही स्वतः टूलरूमवाले. घरातली पॉइंट टू टू बदलून सतराची का नाही करून घेत?"

आमच्या नाशिकच्या नेमबाजी रेंजवर नवीन आलेला प्रत्येक मुलगा महिन्याभरात हे विचारतोच. व्हिडिओ दाखवतो. दोन स्क्रू सैल केले, .२२ इंची बॅरल (नळी) काढली, .१७ ची बारीक बसवली, झालं. मी आजवर "कायद्यात बसत नाही" म्हणून विषय संपवत आलो. उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो, म्हणजे पुन्हा तोंडी सांगावं लागणार नाही.

आधी कायद्याचं. शस्त्र कायद्याचं कलम ५ नुसतं बनवण्या-विकण्यापुरतं नाही, 'बदल करणं'ही त्यातच येतं. त्याचा वेगळा परवाना लागतो. माझ्याकडे लेथ आहे, हात आहे, तो परवाना नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात किमान ७ वर्षं, आणि वर जन्मठेपेपर्यंत. त्यामुळे "तुमच्या अंबडच्या शेडमध्ये रविवारी गुपचूप करू" असं ज्यांनी सुचवलं त्यांनी परत सुचवू नये.

मग यंत्राचं. व्हिडिओतल्या त्या रायफली मुळातच बॅरल बदलता यावी अशा बेतलेल्या असतात. आपली जुनी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने खिट्टी ओढायची रायफल, तशी नाही. शिवाय .१७ एचएमआर हे सतराचं काडतूस २००२ साली आलं ते .२२ मॅग्नमच्या, म्हणजे बावीसच्याच जास्त जोराच्या काडतुसाच्या, पुंगळीचं (पितळी कवचाचं) तोंड आवळून. आपण नेहमी वापरतो त्या साध्या .२२ एलआर काडतुसाच्या पुंगळीशी त्याचं नातं नाही. मॅग्नमची पुंगळी लांब, जाड, तिची कड मोठी. म्हणजे नुसती नळी बदलून भागत नाही, बोल्टचं तोंड आणि मॅगझिनही आलं. आणि करायचं काय त्या सतराचं? शिकार तर कायद्याने बंद. ऑलिंपिकची ५० मीटर रायफल स्पर्धा .२२ एलआरवरच होते, तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. ते ज्याला रोज सापडतं त्याने मला सांगावं की .२२ कमी पडते.

हे सगळं मी तावातावाने बोलतो, कारण हे बोलताना पुढचं बोलावं लागत नाही.

आमच्या घरची रायफल आधीच बदललेली आहे. ती मी बदलून घेतली.

अण्णांची, म्हणजे वडिलांची रायफल, साधी .२२. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, सातपूरला टूलरूममध्ये नुकताच कायम झालेलो, आणि मापं कळतात म्हणजे सगळं कळतं असं वाटायचं ते वय. मॅग्नमबद्दल कुठेतरी वाचलं आणि अण्णांच्या मागे लागलो. नळीचं भोक जवळजवळ तेच, फक्त चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची जागा, मोठं करायचं. अण्णा म्हणाले, "आहे ती नीट मारते की रे." मी कागदावर आकृती काढून त्यांना हरवलं. परगावच्या एका परवानाधारक कारागिराकडे अण्णांनीच ती नेली. त्याने बोल्टचं तोंड जुळवलं आणि रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवून दिला. नळीवर नवीन शिक्का मारला नाही. जुना '.२२' तसाच राहिला. मला ते दिसलं होतं. पुढे मॅग्नमची काडतुसं मिळेनाशी झाली आणि रायफल कपाटात गेली.

दोन वर्षांनी, एका रविवारी, धाकट्या भावाला सरावाला क्लबची रायफल मिळाली नाही. राज्य निवडीला तीन आठवडे होते. तो म्हणाला, "आपली घेऊ या." अण्णा सोबत होतेच, परवाना त्यांचा. कपाटात साध्या एलआरची डबी होती. रेंजवर अण्णांनी डबी हातात घेऊन मला विचारलं, "ही चालतील ना रे यात?"

मी म्हणालो, "बावीस ती बावीसच, अण्णा. जरा सैल बसेल, नेम सुटेल थोडा."

एलआरची पुंगळी आणि मॅग्नमचं चेंबर यांत साधारण पॉइंट चार एमएमचा फरक आहे. मी रोज मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून ऑपरेटरशी भांडत होतो. जॉब पॉइंट चारने चुकला तर भंगारात टाकत होतो. आणि तिथे मी "जरा सैल" म्हणालो.

पहिल्या गोळीचा आवाज भसकट आला. धाकट्याने बोल्ट ओढला, पुंगळी अर्धवट अडकली, नखाने काढावी लागली. ती मी तळहातावर घेतली. उभी चिरली होती, भेंडी चिरतात तशी, आणि कडेपाशी काळी पडली होती. अजून गरम होती. त्या क्षणी थांबवता आलं असतं. मी म्हणालो, "जुना लॉट असेल. अजून एक मारून बघ."

रिमफायरमध्ये पेटणारं द्रव्य कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे तिथलं पितळ मुद्दाम पातळ ठेवतात. त्याला चारही बाजूंनी चेंबरचा आधार नसेल तर ते फाटतं आणि गॅस मागे येतो. हे मी नंतर वाचलं. दुसऱ्या गोळीला धाकट्याने फक्त "दादा" म्हटलं आणि रायफल हळूच मॅटवर ठेवली. इतक्यातही त्याने नळी समोरच ठेवली होती. गालावर काळे ठिपके होते आणि उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत पितळेची कपची रुतली होती. चष्मा नव्हता. तेव्हा आमच्यात कुणी लावत नसे.

डॉक्टरांनी चिमट्याने कपची काढली. डोळा वाचला, नजर पूर्ण राहिली. पण ट्रिगरवर बोट गेलं की आवाजाच्या आधीच त्याची पापणी मिटायला लागली. फ्लिंच. नेमबाजांना सांगायला नको तो काय असतो. निवड गेली. आठ महिने त्याने प्रयत्न केला, रिकाम्या रायफलीवर, मेणबत्तीसमोर, कोच म्हणतील तसं सगळं. मग एक दिवस जॅकेट धुऊन घडी करून ठेवलं.

कधी वाटतं, कारागिराने शिक्का मारला असता तर. कधी वाटतं, अण्णांनी मला विचारलंच नसतं तर. पण त्यांनी विचारलं होतं, आणि विचारण्यासारखा माणूस तिथे मीच होतो. सत्तावीसच्या त्या मुलाशी मी अजून वाद घालतो. तो म्हणतो, चेंबर तर बरोबर कापलेलं होतं, चूक काडतुसाची होती. यात तो खोटं बोलत नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची ५० मीटर रायफलची फायनल आम्ही दोघा भावांनी एकत्र बघितली. स्वप्निल कुसाळे, कोल्हापूरकडचा मुलगा, पण घडला तो आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. उभ्याने मारतानाचे शेवटचे शॉट चालू असताना मी टीव्हीकडे कमी आणि धाकट्याच्या पापणीकडे जास्त बघत होतो. ४५१.४, कांस्य. धाकटा उठला, चहा टाकला आणि आतूनच म्हणाला, "दादा, ती परत मूळची करून घे ना. अण्णांची आहे."

म्हणजे आता तोही तेच विचारतो.

परत एलआर करायची म्हणजे नवी नळी. म्हणजे पुन्हा बदल, पुन्हा अर्ज, पुन्हा कुणा कारागिराच्या हाती देणं. रीतसर होऊ शकतं. मी चौकशीही केली आहे. पण ती दुरुस्त झाली की कपाट उघडल्यावर मला काय दिसेल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आज बोल्टला लाल दोरा बांधलेला आहे, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी: 'फक्त मॅग्नम'. अक्षर माझं.

अण्णांनंतर परवाना माझ्या नावावर आला. परवा नूतनीकरणाचा फॉर्म भरत होतो. बोअरच्या रकान्यात '.२२' लिहिलं आणि पेन तिथेच धरून बसलो. धाकटा समोर बसला होता. त्याने फॉर्म ओढून घेतला, पुढचा रकाना स्वतः भरला आणि सहीसाठी परत माझ्याकडे सरकवला.