काय बघूचा?

दुपारी जेवणं झाली, बाहेर पाऊस धरून बसलेला, नशिबाने लाइट होती म्हणून टीव्हीवर पिक्चरचं अॅप लावलं आणि नुसता रिमोट दाबत बसलो. आये म्हणते, "खंयचोय लाव रे, माका काय फरक पडना नाय." पण लावायचा तरी कुठला? एखाद्या पोस्टरवर जरा थांबलं की लगेच ट्रेलर किंचाळायला लागतो. तोच पिक्चर 'ट्रेंडिंग'मध्ये, तोच 'खास तुमच्यासाठी'त, आणि खाली परत तोच, फक्त फोटो वेगळा.

सर्चचं तर विचारूच नका. 2004 साली आलेला, भारतातर्फे ऑस्करला गेलेला 'श्वास' आयेला दाखवू म्हटलं. रिमोटने एकेक अक्षर टिपायचं, तेही रोमनमध्ये, व्ही की डब्ल्यू, एक ए की दोन. पिक्चर त्यांच्याकडे नाहीच की स्पेलिंग जुळलं नाही हे काही कळू देत नाहीत, भलतंच काहीतरी पुढे करतात. एवढं मोठं दुकान, पण मालाची सरळ यादी म्हणून मिळायची नाही. मला ती अ पासून ज्ञ पर्यंत हवीय, बाकी काही नको.

जत्रेत कुठे विचारायचे आम्हाला? पालखी फिरून झाली की मध्यरात्री दशावताराचं नाटक उभं राहायचं, गणपती यायचा, संकासुर यायचा, मग आख्यान कुठलं ते कंपनी आणि गावकरी ठरवणार. आम्ही पोरं गोधडीत, हाताला आल्याच्या खाज्याचा चिकट गूळ. मधेच झोप लागायची, पखवाज जोरात वाजला की जाग यायची, शेजारच्या काकांना विचारायचं, "राजा खंय गेलो?" ते सांगायचे, परत झोप. काही चुकल्यासारखं वाटायचं नाही. इथे जरा डोळा लागला की हे विचारतात, अजून बघताय का!

आज शेवटी कंटाळून 'पुढे बघा'मध्ये, म्हणजे अर्धवट सोडलेल्या पिक्चरांत शिरलो. अकाउंट मुंबईच्या दादाचं, प्रोफाइलही त्याचंच, वेगळं करायचं राहूनच गेलंय. तिथे भलीमोठी रांग. सगळे कॉमेडी, आणि किती बघितलं ते दाखवणारी लाल रेघ प्रत्येकाची सुरुवातीलाच थांबलेली. एकही पुढे गेलेला नाही. दादा लहानपणी आख्यान संपेपर्यंत टक्क जागा असायचा हो, शेवटच्या दहीकाल्यापर्यंत. फोनवर मात्र कायम, "बरा चल्लाहा."

आयेला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, गणपतीक येतलो तेव्हा इचारूया.

गणपतीला अजून वेळ आहे.