‘स्मार्ट’ म्हणजे हुशार की देखणा?

‘मॅडम, स्मार्ट म्हणजे हुशार की दिसायला चांगला?’ साताऱ्यात मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा क्लास घेते, तेव्हापासून दर बॅचला हा प्रश्न एकदा तरी येतोच. विचारणारा बहुतेक वेळा आधीच कुठेतरी तोंडघशी पडून आलेला असतो. आमच्या एका विद्यार्थ्याला अमेरिकेतला साहेब व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘यू आर अ स्मार्ट गाय.’ हा लाजला आणि म्हणाला, ‘नाही सर, कॅमेराच चांगला आहे.’

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, फक्त बोलणारा कुठला ते बघायचं. अमेरिकन माणूस स्मार्ट म्हणाला तर तो तुमच्या डोक्याबद्दल बोलतोय. इंग्लंडमधला म्हणाला तर आधी तुमच्या कपड्यांकडे बघा, कारण डोक्यासाठी त्याच्याकडे ‘क्लेव्हर’ आणि ‘ब्राइट’ हे वेगळे शब्द आहेत. आपण हा शब्द बहुधा इंग्रजांच्याच हातून घेतला. म्हणून स्थळ बघून आलेली आत्या ‘मुलगा स्मार्ट आहे हो’ म्हणते, तेव्हा तिने त्याची मार्कलिस्ट पाहिलेली नसते.

एवढं सांगून मी बरीच वर्षं पुढच्या शब्दाकडे वळायचे. मग एक नर्स क्लासला आली. तिला इंग्लंडला जायचं होतं, त्यासाठी परीक्षेची तयारी चाललेली. सरावाच्या एका संवादात जखमेवर औषध लावताना पेशंट म्हणतो, ‘इट स्मार्ट्स अ बिट.’ तिने पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, हा ड्रेसिंगला स्मार्ट का म्हणतोय?’

मी म्हटलं, इथे ते क्रियापद आहे. गुडघा खरचटल्यावर आयोडीन लावलं की काय होतं?

‘चुणचुणतं,’ ती म्हणाली.

फळ्यावर मी ‘स्मार्ट’ लिहिलेलं होतंच. त्याच्या बाजूला ‘चुणचुणणे’ लिहिलं आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. कारण त्याच्याखाली आपोआप दुसरा शब्द आला: चुणचुणीत.

इंग्रजीतला स्मार्ट मुळात दुखणाराच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्मेओर्तान’ हे क्रियापद होतं, त्याचा अर्थ ठणकणं, झोंबणं. जर्मनमध्ये आजही वेदनेला ‘श्मेर्त्स’ म्हणतात. डच भाषेत तर ‘स्मार्ट’ म्हणजेच दुःख, आणि रडवणाऱ्या गाण्यांना तिकडे ‘स्मार्टलाप’ म्हणतात. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये एक बोधवचन आहे की परक्याला जो जामीन राहील तो ‘स्मार्ट’ होईल. हुशार होईल असं त्याला म्हणायचं नाही. पोळेल, असं म्हणायचंय. (पतसंस्थेच्या कर्जाला मित्रासाठी सही केलेल्यांना हे मराठीतूनही पटेल.) त्याच शतकाच्या अखेरीस ‘स्मार्ट मनी’ म्हणजे जखमी झालेल्या खलाशांना आणि सैनिकांना मिळणारी भरपाई. आता त्याच दोन शब्दांचा अर्थ जाणकारांनी लावलेला पैसा असा झालाय.

मग वेदनेची अक्कल कशी झाली? छडीचा फटका स्मार्ट, म्हणजे झोंबणारा. झोंबणारा फटका जोरकस आणि झटकन बसतो, म्हणून झपझप चालणारा माणूसही स्मार्ट. पुढे लागट बोलणारा, हजरजबाबी माणूस स्मार्ट झाला, आणि सतराव्या शतकात शब्द बुद्धीपर्यंत पोचला. नीटनेटक्या पोशाखाचा अर्थ त्यानंतरचा, अठराव्या शतकातला.

आणि इकडे आपण, कुणाला न विचारता, नेमकं तेच केलं. झणझण वरून झणझणीत, खणखण वरून खणखणीत, तसं चुणचुण वरून चुणचुणीत. पाहुण्यांपुढे न बुजता पटापट उत्तरं देणाऱ्या पोरीला आपण चुणचुणीत म्हणतो, तेव्हा तिच्यात आयोडीनचा थेंब आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. मला हा योगायोग इतका आवडतो की त्या दिवशी तास तिथेच संपवला. फळा पुसायलासुद्धा जिवावर आलं.

तरी स्मार्टला दर वेळी चुणचुणीत म्हणता येत नाही. चुणचुणीत साधारण बारा-पंधराव्या वर्षापर्यंतच शोभतं. साठीच्या गृहस्थांना चुणचुणीत म्हणून बघा, काय ऐकून घ्यावं लागतं ते. त्यांना हुशार म्हणावं. हुशारची तऱ्हा निराळी. हा फारसीतून आला, त्यातला ‘होश’ म्हणजे भान, शुद्ध. म्हणून तापातून उठलेल्या माणसाला आपण ‘आता जरा हुशारी वाटतेय का?’ असं विचारतो. तिथे बुद्धीचा काही संबंध नसतो, डोळ्यांत तरतरी आली का एवढंच बघायचं असतं.

फोन, घड्याळ, मीटर यांच्या मागे लागलेला स्मार्ट मला फारसा रुचत नाही, पण विचारतात म्हणून सांगते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आपलं लक्ष्य शोधत जाणाऱ्या बॉम्बना स्मार्ट म्हणू लागले, आणि पुढे ते बिरूद पार कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत आलं. 25 जून 2015 रोजी आपल्याकडे स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं आणि त्यात 100 शहरं निवडली गेली. तिथे स्मार्टचा अर्थ काय, हे पुणे-सोलापूरच्या लोकांनी खोदलेल्या रस्त्यावरून चालताना आपापला ठरवलेला आहे. मुळातला, झोंबणारा अर्थ तिथे बरेचदा चपखल बसतो.

खरी गंमत सुरात आहे. आई डोळे वटारून ‘डोन्ट गेट स्मार्ट विथ मी’ म्हणाली तर ते कौतुक नव्हे, हे इंग्रजी न येणाऱ्यालाही कळेल. आपली आई तिथे ‘शहाणपणा करू नकोस’ म्हणते. शहाणा हा शब्द तर आपण इतका वापरला की त्याचं कौतुक जवळजवळ झिजून गेलं. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपुरता मान उरला. एरवी ‘शहाणाच आहेस’ म्हटलं की समोरचा समजून जातो. मुलं ज्याला ‘ओव्हरस्मार्ट’ म्हणतात, त्याला इंग्लंडमधला माणूस ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ म्हणेल, म्हणजे अर्ध्याने जास्त हुशार. आता एकात अर्धा मिळवा. दीडशहाणा! साता समुद्रांपलीकडच्या लोकांनीही जादा अक्कल मोजून बरोब्बर अर्धीच भरावी, याचं मला अजून नवल वाटतं.

ती नर्स परीक्षा पास होऊन गेली. पहिल्या आठवड्यातच तिचा मेसेज आला: ‘मॅडम, वॉर्डातल्या एका आजोबांनी आज मला व्हेरी स्मार्ट म्हटलं. खूश होऊ ना?’

मी विचारलं, तू तेव्हा काय करत होतीस?

‘काही नाही. नवा युनिफॉर्म घालून नुसती दारात उभी होते.’

मग ते इस्त्रीचं कौतुक आहे, मी लिहिलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘इस्त्री मीच केली होती.’