नकाशा नंतर, मोजणी आधी: कोल्हापुरातली बांधकाम परवानगी

दिवाळी झाली की पाया काढायचा, या हिशेबाने कोल्हापुरात बरेच लोक गणपतीच्या आसपास आर्किटेक्टकडे जातात. गेल्या गेल्या विचारतात, ‘तीन बेडरूम बसतील का?’ त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच आहे: जागा नक्की किती आहे, आणि तेवढी आहे हे कोणता कागद सांगतो? नकाशात चूक निघाली तर चार दिवसांत दुरुस्त होते. जागेच्या कागदात निघाली तर महिने जातात, कारण ती दुरुस्ती महापालिकेच्या हातात नसते. ती भूमी अभिलेख, तलाठी किंवा दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून आणावी लागते आणि तोवर फाईल तिथंच थांबते.

सगळ्यात आधी हद्द बघा. प्लॉट महापालिकेच्या हद्दीत असेल तर परवानगी नगररचना विभाग देतो. उचगाव, पाचगावसारख्या लगतच्या गावांत असेल तर २०१७ मध्ये ४२ गावांसाठी स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे जावं लागतं. उपनगरात रस्त्याची एक बाजू शहरात आणि दुसरी गावात अशी स्थिती सर्रास असते, त्यामुळे पत्त्यात ‘कोल्हापूर’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) कोणत्या गावचा आहे ते सातबाऱ्यावर वाचा. नियम मात्र दोन्हीकडे तेच, डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित नियमावली, म्हणजे सगळे ज्याला युनिफाईड डीसीपीआर म्हणतात ती.

आता क्षेत्रफळ. परवानगीच्या नकाशावर क्षेत्राचा तक्ता असतो. त्याच्या पहिल्याच ओळीत तीन आकडे भरायचे असतात: मालकीच्या कागदावरचं क्षेत्र, मोजणी नकाशावरचं क्षेत्र आणि जागेवर प्रत्यक्ष भरणारं क्षेत्र. या तिन्हींतलं सगळ्यात कमी असेल तेच धरलं जातं.

समजा तुम्ही ‘दोन गुंठे’ म्हणून प्लॉट घेतलाय. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांचे २०२.३४ झाले. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र आरमध्ये असतं. तिथं २ आर असेल तर ते बरोबर २०० चौरस मीटर. मोजणीच्या क प्रतीवर, म्हणजे भूमी अभिलेखकडून मिळणाऱ्या मोजणी नकाशावर, १९६ निघाले, आणि शेजाऱ्याचं कंपाउंड वीतभर आत आल्यामुळे जागेवर १९३ च भरले. मग तुमचा प्लॉट १९३ चा. पैसे मोजलेत २०२ चे, बांधकामाचा हिशेब होणार १९३ वर. खरेदीपत्राच्या आधी मोजणी करून घेतली असती तर हा फरक व्यवहारातच मिटला असता. म्हणून माझं ठाम मत आहे की मोजणीचा खर्च हा जागा खरेदीचाच भाग धरावा.

मोजणीचा अर्ज लवकर टाका. पावसाळ्यात तारखा पुढे जातात, आणि प्लॉटच्या कडेला ऊस उभा असेल तर खुणा सापडत नाहीत. मोजणीच्या दिवशी लगतच्या धारकांना नोटीस गेलेली असते. ते हजर राहिले, हद्दीवर कुरकूर न करता सह्या झाल्या तर पुढचं काम निम्मं हलकं होतं. त्याच दिवशी हद्दीच्या खुणांवर दगड रोवून घ्या. चुन्याच्या रेघा पहिल्या वळवात वाहून जातात.

पेठांमधल्या जुन्या घरांचं दुखणं वेगळं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथं सातबारा नसतो, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असते, आणि तिच्यावर पुष्कळदा आजोबांचं नाव असतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, आत्या लग्न होऊन सांगलीला, एक चुलते पुण्यात. अर्जावर सगळ्या हक्कदारांची सही किंवा संमती लागते, म्हणून आधी वारस नोंद, मग गरज पडेल तसं हक्कसोडपत्र किंवा मुखत्यारपत्र, आणि मगच नकाशा. घरफाळ्याची पावती नावावर आहे म्हणजे घर नावावर आहे, हा समज सोडून द्या. घरफाळा हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. या घरांमध्ये सामाईक भिंत असते तीही लक्षात घ्या. जुनं पाडताना शेजाऱ्याच्या तुळया तुमच्या भिंतीत गेलेल्या निघाल्या तर काम तिथंच थांबतं. पाडण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजाऱ्याशी लेखी बोला आणि टेकू कुठं लावायचे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

क्षेत्रानंतर समोरचा रस्ता. नगररचनाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की विकास आराखड्यात तुमच्या जागेवर काय आहे ते कळतं: निवासी झोन आहे की आरक्षण, आणि समोरचा रस्ता आज सात मीटरचा असला तरी आराखड्यात बाराचा आहे का. तसा असेल तर रुंदीकरणाची पट्टी सोडावी लागते. तिचा मोबदला एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) किंवा टीडीआरमध्ये (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, पण बांधकामाची रेषा मागे जाते. दाट वस्तीबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय १.१० मिळतो, वर प्रीमियमचा (पैसे भरून घेतलेला) किंवा टीडीआरचा चढावा नाही. म्हणजे वरच्या १९३ चौरस मीटरच्या प्लॉटवर २१२.३० चौरस मीटर. अनुषंगिक एफएसआय मात्र वेगळा: निवासी वापराला तो त्यावर ६० टक्क्यांपर्यंत मिळू शकतो, प्रीमियम भरून. नव्या नियमावलीत बाल्कनी, जिना, पॅसेज हे सगळं पी-लाईनच्या (बांधकामाच्या बाहेरच्या रेषेच्या) आत मोजलं जातं, त्यामुळे ‘बाल्कनी फुकट’ हा जुना हिशेब आता चालत नाही. गावठाणात आणि दाट वस्तीत आकडे वेगळे आहेत, मूळ एफएसआय दीड, पण तिथं बोळाची रुंदी आड येते.

कोल्हापुरात तिसरी गोष्ट पूररेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये करता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे दर पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी धोका पातळीच्या पार वर गेलं. रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीचा सखल भाग, बावडा, दुधाळी या बाजूचा प्लॉट असेल तर समुद्रसपाटीपासूनची पातळी काढून घेतल्याशिवाय प्लॅनला हात लावू नका. लाल रेषेवर जायला जोतं सहा-सात फूट उचलावं लागलं तर खाली पार्किंग ठेवून वर घर, हा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो. जोतं उचलून भराव टाकण्यापेक्षा खांबांवरचं घर बरं. भरावामुळे तुमच्याकडचं पाणी शेजारच्या घरात जातं.

जागा शेतीची असेल आणि विकास आराखड्यात निवासी दाखवली असेल तर रूपांतराची रक्कम भरून काम होतं. लेआउट मंजूर नसताना तुकडे पाडून विकलेली जागा असेल तर तो गुंठेवारीचा विषय. २०२१ च्या सुधारणेनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित होऊ शकतात. नियमित झाल्याचा कागद हातात येईपर्यंत नव्या बांधकामाचा अर्ज करण्यात अर्थ नाही.

कागद जुळले की अर्ज तसा सरळ आहे. तो ऑनलाइन, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत जातो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला ‘परवानगी लागत नाही’ असं सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धवट आहे. नकाशा, परवानाधारकाचा दाखला आणि शुल्क हे द्यावंच लागतं, फक्त त्याची पोच हीच परवानगी धरतात. १५० ते ३०० पर्यंत दहा दिवसांची मुदत आहे. त्यापुढे नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, पण प्रस्ताव नियमात शंभर टक्के बसत असेल तरच. त्रुटीचं पत्र आलं असेल तर तुम्ही उत्तर दिल्यापासून दिवस मोजायचे.

ऑनलाइन छाननीत नकाशा संगणक वाचतो. प्लॉटची रेषा, पी-लाईन, मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग हे प्रत्येक ठरलेल्या लेयरवर (ड्रॉइंगच्या थरावर) आणि बंद पॉलिलाईनमध्ये (सलग जोडलेल्या रेषेत) असावं लागतं. एका कोपऱ्यात दोन रेषा मिलिमीटरभर जुळल्या नाहीत तर क्षेत्र शून्य येतं आणि फाईल परत. छापील प्रतीवर रंगही ठरलेले आहेत: नवं काम लाल, पाडायचं पिवळं, ड्रेनेज तुटक लाल. इमारतीचा नकाशा १:१०० आणि साइट प्लॅन १:५०० या प्रमाणात.

पैशात मोठा भाग विकास शुल्काचा. निवासी बांधकामाला बांधीव क्षेत्रावर रेडी रेकनरमधल्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमीन दराच्या २ टक्के, व्यापारीला ४ टक्के. जमिनीच्या शुल्काचा दर त्याचा चौथा हिस्सा. शिवाय एक टक्का कामगार उपकर. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ठरावीक मर्यादेच्या (२०२५ पर्यंत ती दहा लाख होती) आत असेल तर तो लागत नाही.

खाली दुकानगाळे काढायचे असतील तर रस्ता नऊ मीटरचा आहे का ते आधी बघा. अरुंद रस्त्यावर सोयीच्या छोट्या दुकानांपलीकडे फारसं बसत नाही. व्यापारी इमारत बहुतेक वेळा पार्किंगवर अडते, एफएसआयवर नाही. गाड्यांची संख्या भरली तरी त्या वळवायला जागा राहत नाही. मंगल कार्यालय, दवाखाना, उंच इमारत असेल तर अग्निशमन विभागाची ना हरकत घ्यावी लागते. झाड आड येत असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी.

परवानगी वर्षभर चालते, दरवर्षी नूतनीकरण करत एकूण चार वर्षं. मुदतीत जोत्यापर्यंत काम झालं असेल तर पुढं नूतनीकरण लागत नाही, म्हणून पैसे कमी असले तरी जोतं आधी पुरं करा. जोतं झालं की लगेच जोते तपासणीची सूचना द्या, भिंती चढवू नका. मार्जिनमध्ये घुसलेलं सापडतं ते इथंच. कॉलमच्या मध्यरेषेपासून मोजून आखणी केली आणि बाहेरचं गिलावा-प्लास्टर धरलं नाही, तर दीड मीटरच्या मार्जिनमध्ये सहा-आठ सेंटिमीटर सहज खाल्ले जातात. आखणीच्या दिवशी गवंड्याला मंजूर नकाशाची प्रत द्या, मोबाईलवरचा फोटो नको. त्यातले आकडे वाचता येत नाहीत.

शेवटचा कागद भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे कम्प्लिशन म्हणतात. तो घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका. मंजूर नकाशात नसलेली खोली गच्चीवर चढवली असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. भोगवटा नसेल तर घरफाळ्यात शास्ती लागू शकते, कर्जाचा शेवटचा हप्ता बँक अडवते, आणि पुढं घर विकायला काढलं की गिऱ्हाईकाचा वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो. तो मिळाला की एक प्रत घरफाळा विभागात द्या, एक पाणीपुरवठ्याला, आणि मूळ प्रत मोजणीच्या क प्रतीसोबत एकाच फाईलमध्ये ठेवा.