पुस्तक मिटा आणि मग आठवा

आमच्या इंदूरच्या भंवरकुआला संध्याकाळी कुठल्याही लायब्ररीत डोकावून बघा, म्हणजे त्या महिन्याचे पैसे भरून बसायच्या लायब्र्या असतात ना त्यात, एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) मुलं त्याच नोट्स परत परत वाचत बसलेली दिसतात, हायलायटरने पानं पिवळीजर्द. मेहनत खरी आहे हो, आणि म्हणूनच मला मनापासून वाटतं की त्यातला बराच वेळ पुस्तक मिटून जायला हवा.

माझी भाची पण हीच परीक्षा देतेय. तिला विचारलं, इंग्रजांबरोबरच्या मंदसौरच्या तहात होळकरांचं नेमकं काय गेलं? तर म्हणाली, "अगं मावशी, वाचलंय मी, पान अगदी डोळ्यासमोर आहे, पण आत्ता सांगता येत नाहीये." पान डोळ्यासमोर असतं हे अगदी खरं, पण परीक्षेत पान समोर नसतं, तिथे आतून काढावं लागतं, आणि ते काढायची सवय वाचून वाचून लागत नाही, काढूनच लागते.

यावर चांगले प्रयोग झालेत. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक छापला, त्यात काही मुलांनी उतारा दोनदा वाचला आणि काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने उलटं झालं, वाचणारे ४२ वर आले आणि लिहून काढणारे ५६ वर राहिले! पाच मिनिटांनंतरचा तो आकडाच आपल्याला फसवतो, वाचून उठलं की सगळं येतंय असं वाटतं आणि आपण पुढच्या धड्याला लागतो.

मग आता आम्ही असं करतो की धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक बंद, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं. डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई, ६ जानेवारी १८१८ चा तह, राजपूत राज्यांवरचे हक्क सोडले, खानदेश आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजधानी आपल्या इंदूरला आली. अडलं तरी लगेच पुस्तक उघडायचं नाही, थोडं चाचपडू द्यायचं, त्रास होतो पण कामाचा भाग तोच आहे. नंतर मात्र उघडून ताडून बघायचंच, चुकलेलं वेगळ्या पेनाने दुरुस्त करायचं, नाहीतर चुकीचंच पक्कं बसेल. मग हेच दोन दिवसांनी, नंतर आठवड्याने, थोडं विसरायला झालं की परत.

क्लासच्या टेस्टबद्दलही एक सांगते, मुलं रँक बघतात आणि पेपर टाकून देतात, खरं तर चुकलेले प्रश्न काही दिवसांनी स्वतःलाच परत विचारले तर त्या टेस्टचे पैसे वसूल होतात.

राज्यघटनेच्या कलमांना चिठ्ठ्या बऱ्या पडतात, पुढे प्रश्न, मागे उत्तर, बरोबर आलं तर चिठ्ठी डब्याच्या मागच्या कप्प्यात जाते आणि उशिरा निघते, चुकलं तर परत पहिल्या कप्प्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये ही पद्धत लोकांपुढे आणली, आम्ही त्यासाठी मिठाईचा रिकामा डबा घेतलाय, आत पुठ्ठे लावून कप्पे केलेत.